बचतीची वही

यशपाल हिशेबाचा पक्का, असं तो स्वतःच सांगायचा. इंगोलश्टाटमध्ये गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर, आणि दर शनिवारी नेमबाजीच्या फेराइनमध्ये, म्हणजे तिथल्या क्लबात, हजर. तिथे रायफलमधून दोन युरोचं तयार काडतूस उडवताना त्याचा जीव खालीवर व्हायचा. "रिकामी काडतुसं घरीच भर, एका युरोत पडतं," असं तिथल्या म्हाताऱ्या गेऑर्गने सांगितलं आणि गड्याला आकाश ठेंगणं झालं.

वाचलेल्या पैशांतून आईला नागपूरहून आणायचं, हे त्याने फोनवर जाहीरही करून टाकलं. मीराबाईंनी त्याच आठवड्यात पासपोर्टसाठी अर्ज केला आणि शेजारच्या चार घरी सांगून आल्या.

मग कोर्स झाला, बंदुकीची दारू बाळगायचा परवाना झाला, काडतुसं भरायचा प्रेस आला, गुंजभर फरक दाखवणारा काटा आला. तळघरात बसून तो रिकाम्या पितळी काडतुसांत दारू अशी तोलून भरायचा की सोनारानेही बघत राहावं. प्रत्येक काडतुसामागे वहीत एक युरो 'बचत' लिहायचा. पूर्वी महिन्याला चाळीस उडवायचा. आता स्वस्त पडतात म्हणून दीडशे. जितकी जास्त उडवायचा तितकी वहीतली बचत वाढायची. एवढ्या शिकलेल्या माणसाला एवढंही कळू नये, याचा खरंच संताप येतो.

तीन वर्षांनी वहीत पाच हजार चारशे युरो जमले.

"मैत्री, आईचं तिकीट काढू या," तो बायकोला म्हणाला.

तिने मोबाइलवर बँकेचं खातं उघडून त्याच्यापुढे धरलं. "कशातून? आधी महिन्याला ऐंशी जायचे, आता दीडशे जातात. मशीनचे चौदाशे वेगळेच."

"अगं, पण वहीत..."

"मग वहीतूनच काढ."

यशपालला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आठवडाभरात त्याने प्रेस, काटा, सगळं निम्म्या किमतीत गेऑर्गच्या गळ्यात मारलं आणि आईला फोन लावला.

"आई, तिकीट काढतोय. पुढच्या महिन्यात ये."



"आता नाही जमत रे बाबू. दिवाळीपासून छातीचं दुखणं निघालंय. डॉक्टर विमानाला नाहीच म्हणाले. तुला मुद्दाम नाही सांगितलं, तू बोलावशील तेव्हा बघू म्हटलं."

यशपालने समोरची वही मिटून ठेवली.

"वाईट नको वाटून घेऊ," मीराबाई म्हणाल्या. "तेवढेच तुझे पैसे वाचले."