पंख्याखालची खाट

जव्हार-मोखाड्याच्या पट्ट्यातल्या एका लहान सरकारी दवाखान्यात मी मुलांच्या वॉर्डची सिस्टर आहे. कुठला दवाखाना ते सांगत नाही. नाव घेतलं की दोष त्या इमारतीला चिकटेल, आणि तो माझा आहे.

आमच्याकडे कुपोषित मुलांसाठी वेगळी खोली आहे. मूल आईसकट दोन आठवडे तिथं राहतं. दर दोन-तीन तासांनी ठरलेला आहार, रोज सकाळी वजन. खोली स्वच्छ, भिंतींवर ससे-हत्ती रंगवलेले, आणि पंखा चालू असलेला. वॉर्डात ही चैनच.

त्या उन्हाळ्यात सूर्यमाळच्या बाजूच्या एका पाड्यावर आमचं तपासणी शिबिर होतं. तिथं एक तरुण आई कडेवर मुलगी घेऊन मागंच उभी होती. मुलगी सव्वा वर्षाची असेल, पण तिचा दंड माझ्या दोन बोटांत मावत होता. लसीच्या दर वेळी तिला ताप असायचा, म्हणून गोवराची लसही राहिलेली. मी आईला म्हटलं, "हिला दवाखान्यात आणावं लागेल."

ती म्हणाली, "पंधरा दिस? मंग घरचा पाणी कोण भरंल, बाय?"

प्रश्न खरा होता. पाड्याची विहीर खाली उतारावर. उन्हाळ्यात तिच्यात पाणी नसतं, नुसता पाझर असतो. बायका आळीपाळीनं आत उतरतात आणि वाटीवाटीनं हंडा भरतात. मी तिच्या सासूशी तासभर बोलले, जावेला पाण्याचं कबूल करायला लावलं. तरी तिचा पाय निघेना. शेवटी मी म्हटलं, "पोरीची जबाबदारी माझी. बरी करून तुझ्या हातात देईन."

हे ऐकून ती जीपमध्ये बसली.

आठव्या दिवशी मुलगी वाटी दिसली की दोन्ही हात पुढं करायला लागली. आई पहिल्यांदाच माझ्याकडं बघून हसली. आणि त्याच दुपारी माझ्या शेजारचे गुरुजी त्यांच्या नातीला घेऊन आले.

गुरुजी निवृत्त शिक्षक. माझ्या मुलाला त्यांनीच शिष्यवृत्तीला बसवलं, रोज संध्याकाळी स्वतःच्या ओट्यावर शिकवलं. नात पाच वर्षांची, कल्याणहून सुट्टीला आलेली. तीन दिवस ताप, डोळे लाल, नाक वाहतंय, खोकला थांबत नाही. मोठ्या वॉर्डात एकेका खाटेवर दोन-दोन मुलं होती. गुरुजींनी आत डोकावून पाहिलं आणि हळूच म्हणाले, "काही सोय होते का बघ गं. इथं हिला आणखी काहीतरी लागायचं."

मी मुलीचे केस बाजूला करून कानामागं पाहिलं. बारीक लाल पुरळ होता. एकोणीस वर्षं मी मुलांच्या वॉर्डात काढली आहेत. मला कळलं होतं. तरी मी स्वतःला म्हटलं, घामोळं असेल.

लागट आजाराच्या मुलांसाठी निराळी खोली होती आमच्याकडे. तिच्यात मोडक्या खाटा, सलाइनचे स्टँड आणि रिकामी खोकी कोंबलेली. मोकळी करायला अर्धा तास लागला असता, आणि वॉर्डातल्या मावशी जेवायला गेल्या होत्या, हे मी पुढं बरेच दिवस स्वतःला सांगत राहिले. खरं कारण वेगळं आहे. गुरुजींच्या नातीला त्या जाळ्याजळमटांच्या खोलीत झोपवायला माझं मन होईना. मी तिला सशा-हत्तींच्या खोलीत नेलं आणि पंख्याखालची खाट दिली. खोलीत तेव्हा मायलेकींची एकच जोडी होती. सूर्यमाळकडची.

"डॉक्टर येईपर्यंतच," मी गुरुजींना म्हटलं.

डॉक्टर पाचला आले. त्यांनी मुलीला बाहेर व्हरांड्यात आणवून उजेडात पाहिलं आणि म्हणाले, "गोवर आहे." गुरुजी घाबरले, त्याच संध्याकाळी गाडी करून तिला नाशिकला घेऊन गेले. आधी कुठल्या खाटेवर होती, हे डॉक्टरांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

मी खाट फिनाइलनं पुसली, चादर बदलली, खिडक्या उघडल्या. गोवर हवेतून पसरतो, खाट पुसून जात नाही, हे मी शिकाऊ मुलींना स्वतः शिकवते. तीन दिवसांच्या आत लस दिली तर दुसरं मूल वाचण्याची शक्यता असते, हेही शिकवते. डॉक्टरांना एक वाक्य सांगायचं होतं. पण ते विचारणार, "तिला तिथं कुणी ठेवलं?" एक दिवस गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. लस आधी ठरल्याप्रमाणं घरी सोडण्याच्या दिवशी दिली. मुलगी वजन वाढवून, नवा फ्रॉक घालून घरी गेली. फ्रॉक मीच आणला होता.

घरी गेल्यावर चार-पाच दिवसांत तिला ताप आला. पाड्यावर आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंचा फोन आला, तेव्हा मी म्हटलं, "लसीनं थोडं अंगावर येतं. घाबरू नका." पुढं दहा-बारा दिवसांनी त्यांचा पुन्हा फोन आला. पाड्यावरची नऊ मुलं तापानं पडली होती.

आम्ही जीपनं गेलो. डॉक्टर एकेक मूल तपासत होते, मी डोळ्यांसाठी अ जीवनसत्त्वाचे डोस पाजत होते, कागद भरत होते. माणसं झाडाखाली जमली. एक म्हातारा म्हणाला, "दवाखान्यातून पोर आली न मागून ह्यो ताप आला."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. ती आईसुद्धा, कडेवर मुलीला घेऊन. तिच्या मुलीचा ताप उतरला होता, पण ती पुन्हा हडकली होती.

डॉक्टरांनी मला विचारलं, "सिस्टर, बाहेरून कोण आलंय का इथं?"

एक कुटुंब आलं होतं. भिवंडीकडच्या वीटभट्टीवरून, हंगाम संपवून. त्यांचीही मुलगी आजारी होती, पण ती इतरांबरोबरच पडली होती, आधी नाही. तारखा माझ्याच कागदावर होत्या.

मी म्हटलं, "वीटभट्टीवरची माणसं आलीत, सर." आणि मग पाड्याकडं वळून, शाळेत बोलतात तसल्या मराठीत बोलले, "दवाखान्यातून आजार येत नसतो. तुम्ही पोरांना भट्टीवर नेता, तिथनं आणता."

भट्टीवाली बाई कडेला बसली होती. ती म्हणाली, "आमची पोर तिकडं बरी व्हती."

तिचं कुणी ऐकलं नाही. मी कागदावर लिहिलं: बाहेरून आलेलं कुटुंब.

त्यानंतर काय झालं ते मला आशाताईंनी सांगितलं, तेही बऱ्याच उशिरानं. त्या बाईला विहिरीत उतरू देईनात. आधी शेवटी उतर म्हणाले, मग उतरूच नको म्हणाले. ती दोन डोंगर ओलांडून ओढ्याच्या डोहाचं पाणी आणायची. तिच्या मुलीचा ताप उतरेना, ती डोळे उघडेना. आमचे लोक डोसाच्या दुसऱ्या फेरीला गेले, तेव्हा ती दार लावून आत बसून राहिली. पुन्हा सगळ्यांपुढं काही ऐकायला लागेल म्हणून. मुलीला दवाखान्यात आणलं तोवर फार उशीर झाला होता. मुलगी जगली. पण डाव्या डोळ्यात फूल पडलं, त्या डोळ्यानं तिला दिसत नाही.

मी तिला आमच्या वॉर्डात पाहिलं, तेव्हा आईनं मला विचारलं, "बाय, ह्यो जाईल का?" ती फुलाबद्दल विचारत होती. मी मोठ्या डॉक्टरांना दाखवू असं काहीतरी म्हटलं आणि औषधांच्या खोलीत जाऊन उभी राहिले.

त्या संध्याकाळी मी गुरुजींकडं गेले. त्यांची नात कधीच बरी होऊन कल्याणला गेली होती. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ओट्याचं दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "आमचं नाव कुठं आलं नाही ना गं?"

"नाही," मी म्हटलं. काकूंनी चहा आणला. मी तो प्याले.

पाऊस सुरू झाल्यावर, नाचणीची लावणी चालू असताना, मी रजा टाकून पाड्यावर गेले. भट्टीवाली बाई चिखलात उभी होती. बांधावर उभं राहून मी तिला सांगितलं, की तो ताप तुम्ही आणला नव्हता, तो दवाखान्यातून आला होता, आणि मला तेव्हाही ते ठाऊक होतं.

तिनं हातातली रोपं खाली ठेवली नाहीत. म्हणाली, "मंग तवा का नाय बोलल्या?"

मी "तेव्हा..." म्हणून सुरुवात केली.

"मला काय सांगताव? त्यांना सांगा," ती म्हणाली आणि पुन्हा वाकली.

आशाताईंनी संध्याकाळी माणसं जमवली; भट्टीवाली बाई आली नाही. मी रस्ताभर वाक्य जुळवत आले होते: मी चूक केली, मी लपवलं. तोंडातून निघालं ते असं, "आमच्याकडून चूक झाली." आमच्याकडून. जणू सगळा दवाखाना त्या दुपारी खाटेशी उभा होता. ते ऐकू आल्यावर मी थांबले आणि पुन्हा बोलले. ओळखीच्या माणसाच्या नातीला मीच तिथं झोपवलं. मला कळलं होतं तरी. डॉक्टरांना सांगितलं नाही. तुम्हाला खोटं सांगितलं.

म्हातारा फक्त म्हणाला, "आमी म्हनलाच व्हता."

भट्टीवाल्या बाईला विहिरीत उतरू न देणाऱ्यांत सगळ्यात पुढं कोण होतं, ते आशाताईंनी मला तिथंच हळूच सांगितलं. मी जिला घरी जाऊन, जबाबदारी घेऊन आणलं होतं, तीच आई. आपल्या पोरीमुळं ताप आला नाही हे माझ्याकडून ऐकून तिला केवढं हलकं वाटलं असेल. ती उठली, मुलीला कडेवर घेतलं, माझ्याकडं न बघता भट्टीवालीच्या दारापर्यंत गेली. तिथं थोडा वेळ उभी राहिली. आत काही बोलली की नाही ते कळलं नाही.

कागदावरची नोंद बदलायला मी अर्ज दिला. तोवर डॉक्टर बदलून गेले होते. नवे म्हणाले, "आता जुनं झालं, सिस्टर, कशाला?" अर्ज फाइलमध्ये आहे. ती कोंबलेली खोली मी गुरुजींची नात गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मोकळी करून घेतली होती. तिला लागलेला वेळ मी घड्याळात पाहिला. पंचवीस मिनिटं.

डोळ्यात फूल पडलेली मुलगी तपासणीला येते. तिची आई माझ्याशी औषधापुरतं बोलते. दुसरी आई मात्र दवाखान्यात पुन्हा आली नाही. मुलीचं वजन करायलाही नाही, पुढच्या लसीलाही नाही. आशाताई घरी जातात, तेव्हा ती मुलीला आत पाठवते आणि स्वतः दारात उभी राहते.

मी आशाताईंना दर महिन्याला विचारते, "कशी आहे?"

"खेळते," त्या म्हणतात. वजन मात्र ती आई त्यांना करू देत नाही.