तिरकी पाटी

मंडळी, सकाळपासून माझा नुसता जळफळाट चाललाय, म्हणून तुम्हालाच लिहितोय.

आज ठाण्याहून डेपुटीसाहेब आमची कल्याणची शाळा तपासायला आले. माझ्या वर्गातल्या पोरांनी पाटीवर झकास चौरस काढले. साहेबांनी एक पाटी उचलली, थोडी तिरकी फिरवली आणि विचारलं, "आता हा कोण?"

माझी पोरं एका सुरात ओरडली, "शंकरपाळा!"

पलीकडचा वर्ग नव्या मास्तरांचा, विनायकचा. हा माझाच जुना विद्यार्थी. मिसरूडही नीट फुटलेलं नाही. तिथेही साहेबांनी पाटी फिरवली. एका चिमुरड्याने उठून सुतळीच्या तुकड्याने चारही बाजू मोजल्या, पोस्टकार्डाचा कोपरा चारही कोनांत बसवून पाहिला आणि म्हणाला, "चौरसच आहे. फक्त कलंडलाय."

साहेबांनी पाठ थोपटली. माझी नव्हे, विनायकची.

मला राहवेना. विनायकला विचारलं, "कुठे शिकलास रे हे?"

तो खाली बघत म्हणाला, "तुमच्याच वर्गात, गुरुजी. पाटी तिरकी धरून मी विचारलं होतं, आता हा चौरस आहे का? तुम्ही छडी मारलीत."

प्रश्न त्याचा, उत्तर त्याचं, शाबासकीही त्याचीच. माझी फक्त छडी, आणि तीही मला आठवत नाही.

मंडळी, तुम्हाला तुमच्या छड्या आठवतात?