हळदीत वाजलेली कॉपी

“त्या पोरीचा आवाज काढूनच टाकतो, मॅडम. दुसरीकडून गाऊन घेतो मी गानं!”

फोनवर उरणचे नाना गरजत होते. नाना आगरी गाण्यांचे व्हिडिओ काढतात. नवं गाणं रविवारी यूट्यूबवर यायचं होतं, आणि गुरुवारीच ते एका हळदीत डीजेवर दणाणलं. नानांचा सगळा संशय गायिकेवर, वनितावर. दिवसा कंटेनर यार्डात डेटा एन्ट्री करणारी मुलगी. तिचं हे पहिलंच गाणं.

“पुरावा काय?” मी विचारलं.

“तिच्या चुलतभावाचीच हालद होती. आनखी काय पायजे?”

“मला त्या हळदीची क्लिप पाठवा. तोवर तिला काही बोलू नका.”

“बोललो कवाच!”

पायरसीचा माग काढणं हे माझं काम. फाइलला कुलूप घालता येतं, पण ते कोणीतरी आज ना उद्या तोडतोच. म्हणून आम्ही कुलपाऐवजी आवाजातच खूण ठेवतो. तिला वॉटरमार्क म्हणतात. कानाला ती कळत नाही. गाणं एकच, पण ज्याला कॉपी दिली त्याचं नाव त्या कॉपीत विणलेलं.

क्लिप आली. फटाके, शिट्ट्या, कोणीतरी “आवाज वाढव” म्हणून ओरडतंय, आणि मागे फाटक्या आवाजात गाणं. व्हॉट्सअ‍ॅपने फाइल पिळून काढलेली, वर मोबाइलचं रेकॉर्डिंग. यातून काही हाती लागेल असं मला अजिबात वाटत नव्हतं. तरी ती खूण शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला लावली.

खूण सापडली. अख्खीच्या अख्खी. इतकी वर्षं मी हे काम करते आहे, पण अंगावर काटा आला. एवढ्या गोंगाटातून ते नाव जसंच्या तसं बाहेर आलं होतं. मी हेडफोन काढून नुसती बघत राहिले.

स्क्रीनवर नाव होतं: गावदेवी.

नाव मीच घातलं होतं. नवा डंपर आला की नानांच्या घरी तो आधी देवळासमोर उभा करतात. तीच रीत गाण्याला. “पयली कॉपी देवीच्या नावानं करा,” असं नानांनीच सांगितलं होतं, आणि ती पेनड्राइव्हवर घेऊन देवळात ठेवली होती. तिथली दिवाबत्ती त्यांची आई करते.

मी फोन लावून नाव सांगितलं. नानांनी तो स्पीकरवर ठेवून आईला हाक मारली.

“आय, देवीपुढचा पेनड्राइव्ह कोनाला दिलास?”

“मागल त्याला दिला. डीजेवाला पोर पन आलेला.”

“आगं, माजं गानं हाय ते! चोरी झाली ना!”

“देवीला वाहिलास ना तू? मंग परसाद झाला. परसादाला कोन नाय बोलतं?”

कॉपीराइटवर मी कितीतरी ठिकाणी बोलले आहे, पण प्रसादाचं कलम त्यात कधी आलं नव्हतं.

गाणं नानांनी शुक्रवारीच सोडलं, वनिताच्याच आवाजात. ते तुफान चाललं. मग नाना पेढे घेऊन तिच्या घरी गेले. पेढा तिने घेतला आणि विचारलं, “नाना, मॅडमच्या मशीनला नाव दिसलं नसतं, तर?”

तिचा हा प्रश्न नानांनीच मला सांगितला. दुसरं गाणं वनिताने पनवेलच्या एका निर्मात्याकडे गायलं.

कॉपी कोणाची, ते आम्ही आता हळदीच्या गोंगाटातूनही सांगतो. पण माणसावर आळ घेण्याआधी त्याला विचारायचं असतं, आणि त्यासाठी कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही.