काचेच्या खोलीतला कॅप्टन

बारमध्ये मुख्य वेटरला कॅप्टन म्हणतात. या कॅप्टनचं वय त्रेपन्न, नोकरी सव्वीस वर्षांची. आयुष्यात त्याने एकही सिगारेट ओढली नाही. छातीचे फोटो दिव्यासमोर धरून डॉक्टरांनी विचारलं, रोज किती? एकही नाही, असं त्याने सांगितल्यावर डॉक्टर उठले, दार लावून आले आणि म्हणाले, "बायको बाहेर बसलीय. आता खरं सांगा."

धुरापासून लांब राहा, एवढंच औषध त्यांनी सांगितलं. ते कॅप्टनच्या हातात नव्हतं. पण वर्षभरातच नगरपालिकेने बार आणि हॉटेलांत धूम्रपानाला बंदी केली, आणि डॉक्टरांचं काम कायद्याने केलं. पहिल्याच महिन्यात कॅप्टन दोन मजले न थांबता चढू लागला. स्वयंपाकघरातून कांदा परतल्याचा वास टेबलापर्यंत येतो, हे त्याला सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कळलं.

मालकाचं मात्र धाबं दणाणलं. नेहमीची गिऱ्हाइकं अर्धा वेळ बाहेर पायरीवर उभी राहत. आत बर्फ वितळून जाई. शेजारी कुरकुरायला लागले, तशी गिऱ्हाइकं पायरीही सोडून गेली. चार महिन्यांत दोन वेटर कमी झाले. मग मालकाला कायद्यातली फट सापडली: वेगळी, बंदिस्त खोली असेल तर तिथे ओढता येतं. अट एकच, त्या खोलीत कर्मचाऱ्याने पाऊल टाकायचं नाही. कोपऱ्यातली चार टेबलं काचेने बंद झाली आणि ग्लास आत सरकवायला एक खिडकी ठेवली गेली.

ग्लास खिडकीतून जातात. रक्षापात्रं आपली आपण बाहेर येत नाहीत. उरलेल्या वेटरांनी आत जायला साफ नकार दिला, कायदा त्यांना पाठ होता. मालक कॅप्टनकडे आला. मालक म्हणजे त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ, आणि बारच्या वरच्या ज्या दोन खोल्यांत कॅप्टनचा संसार होता, त्याही मालकाच्याच.

"भाऊजी, परक्याला कसं सांगू? तुम्ही घरचे."

बायकोजवळ विषय काढला तर ती म्हणाली, भांडू नका, या वयात आपल्याला कोण जागा देणार. तिचं काही चुकत नव्हतं. आपलेच दात, आपलेच ओठ. कॅप्टन आत जाऊ लागला. दारात श्वास भरून घ्यायचा, तीन टेबलं उरकायची, बाहेर येऊन सोडायचा. चौथ्या टेबलाला श्वास पुरत नसे. महिन्याभरात तिसऱ्यालाही पुरेना, आणि जिन्यात तो पुन्हा मधेच थांबू लागला.

नगरपालिकेच्या तपासनीस बाई आल्या त्या दुपारी चारला. काचेपलीकडे तिघे बसले होते. आत कोण जातं, असं त्यांनी विचारलं, आणि मालकाने कोणीच नाही म्हणून सांगितलं. तेवढ्यात आतल्या एकाने काचेवर टकटक केली. कॅप्टन सवयीने आत गेला, हात आपोआप चालला. स्वच्छ रक्षापात्र उलटं करून भरलेल्यावर झाकायचं, म्हणजे राख उडत नाही. दोन्ही मिळून उचलायची, स्वच्छ तेवढं परत ठेवायचं. त्याने ते सफाईने केलं, आणि बाहेर आला तेव्हा बाई वही उघडून उभ्या होत्या. मालक छताकडे बघत होता.

बाईंनी त्याला एकट्याला जिन्यापाशी नेलं.

"तुमच्या छातीतली शिट्टी मला इथे ऐकू येतेय," त्या म्हणाल्या. "तुम्ही इथले कर्मचारी आहात, आत जावं लागतं, एवढं सांगा. खोली आत्ता बंद करते."

सुटकेचं दार इतकं जवळ कधीच आलं नव्हतं. पण खोली बंद झाली की बार बसणार, बार बसला की इमारत विकली जाणार, हे मालकाने जेवताना दहादा ऐकवलं होतं. वर बायको खिडकीत कपडे वाळत घालत होती. चिमटे लावल्याचा आवाज जिन्यात येत होता. इकडे आड, तिकडे विहीर. कॅप्टनला वाटलं, आपल्याला मधली वाट सुचली.

"मी कर्मचारी नाही, बाई. मालकाचा मेहुणा. येता-जाता हातभार लावतो."

"लिहून द्याल?"

त्याने लिहून दिलं. बाईंनी कागद दोनदा वाचला. घरच्या माणसाला कायदा अडवत नाही, तसं सांभाळतही नाही, एवढं बोलून त्या गेल्या.

मालकाने त्याच्या पाठीवर थाप मारली. भाऊजींनी बार वाचवला, असं तो आल्यागेल्याला सांगत होता. दुसऱ्या दिवशी हजेरीपुस्तकात कॅप्टनच्या नावावर रेघ होती. कागद आणि पुस्तक जुळायला हवं ना, मालक म्हणाला. काळा कोट आणि बो त्याने परत मागितला. पगार घरातल्या घरात हातात देऊ म्हणाला. आता कायद्याची आडकाठी नव्हती, त्यामुळे ग्लासही आत नेऊन द्यायचे ठरले. खिडकीवर फळी ठोकली गेली.

सहा वाजता कॅप्टन घरातल्या साध्या शर्टात आत गेला. पहिल्या फेरीतच त्याला खोकल्याची उबळ आली आणि ट्रे कलंडला. गिऱ्हाइकांतल्या सर्वांत जुन्या माणसाने सरकून बाकावर जागा केली.

"बसा हो कॅप्टन. आता तुम्ही आमच्यातलेच."

तो बसला. सात वाजेपर्यंत त्याला कोणी उठवलं नाही. उठवायला गेले तेव्हा छातीतली शिट्टी थांबली होती.