शेकराचं घरटं, साळिंदराचं बीळ

मी मुंबईला गिरणीत निघालो, तेव्हा मार्गासनीपर्यंत आबांनी माझं गाठोडं स्वतःच्या डोक्यावर आणलं होतं. मोटार दिसल्यावर ते माझ्या हातात देत म्हणाले, "शेकरागत ऱ्हा. त्याची एका रानात चार-पाच घरटी असत्यात. एक मोडलं तर दुसऱ्यात जातंय, रडत न्हाई बसत. आमी साळिंदरं. आमचं बीळ एकच."

आक्का, तू तेव्हा भोंगवलीला सासरी होतीस, म्हणून तुला हे ठाऊक नाही.

मी शेकरू झालो. तीन चाळी बदलल्या, रडलो नाही. खरं तर पाळी संपवून आल्यावर रडायला अंगात त्राणच नसे. आई गेल्यावर मात्र आबांना एकटं ठेवणं मला पटेना. ते नको नको म्हणत होते, तरी त्यांना मुंबईला माझ्या खोलीवर आणलं. निघताना मी बैल चुलत्यांकडे दिले आणि दाराला फळ्या ठोकल्या, म्हणजे परत यायचा विषयच नको.

आपल्या रताळ्यांत साळिंदर शिरायचं, आठवतं? भावकीनं रीतीप्रमाणे त्याच्या बिळात दगड भरले आणि आबांनी ते गुपचूप काढले. आई चिडली, तर म्हणाले, रताळी पुन्हा लावता येतील, आत कोंडलेल्या जिवानं कुठं जायचं? बिळाच्या तोंडाशी हाडं पडली होती. साळिंदर रानातली हाडं कुरतडायला घरी आणतं, हे त्यांनीच सांगितलं. तू किती घाबरलीस.

एवढं पाहिलेलं असून मी फळ्या ठोकल्या.

खोलीत आबा भिंतीकडे तोंड करून बसत. एकदाच काय ते मागितलं, "वरई कापायला तरी न्हे मला." मी म्हणालो, दिवाळीत रजा मिळाली की जाऊ. दिवाळीच्या आधीच ते गेले.

अस्थी सोडायला आलो, तेव्हा तू गुंजवणीच्या काठावर ताटकळत होतीस. उशीर का झाला, ते मी सांगितलं नाही. अस्थी घरात नेत नाहीत, झाडाला टांगतात, हे मला कळतं. तरी मी आधी घरी गेलो. खिळे गंजले होते, उपटताना तळहात फाटला. मडकं चुलीजवळ त्यांच्या जागेवर ठेवलं आणि शेजारी बसून राहिलो. आक्का, रागावू नकोस.

मुलं विचारतात, आपलं घर कुठलं? मला चुलीजवळची ती जागा दिसते. आबांना जिवंतपणी तिथं नेलं नाही. साळिंदरासारखी त्यांची हाडं तेवढी घरी आणली.