चिखलभरल्या हातांची उपकारस्तुती

आयुष्यभर मी इतरांचे निबंध तपासले. स्वतः एकही लिहिला नाही. त्यामुळे या वयात आपल्या ख्रिस्ती मंडळीच्या मासिकासाठी प्रवासवर्णन लिहायला बसणे मला धाडसाचेच वाटते. वाचकांनी उदार मनाने क्षमा करावी. मी फार लांब गेले नव्हते, कुठले प्रसिद्ध स्थळही पाहिले नाही. भंडारा जिल्ह्यात, करडीच्या पुढच्या एका खेड्यात, माझ्या धाकट्या बहिणीकडे काही दिवस राहून आले, इतकेच. परंतु जे पाहिले ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

माझी बहीण एस्तेर आणि तिचे यजमान दिनकरराव तरुणपणी सुवार्तेच्या कामासाठी, दिनकरराव पास्टर म्हणून, तिकडे गेले आणि तिथलेच झाले. गेल्या हिवाळ्यात दिनकररावांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवे अंग निकामी झाले आणि ज्या जिभेने त्यांनी इतके उपदेश केले ती जड पडली. पाठोपाठ जुलैत अतिवृष्टी झाली आणि त्यांच्या भाताची रोपे पाण्याखाली सडली. आमच्या थोरल्या भावाने ठरवले, की दोघांना आता कायमचे नगरला आणावे. ते काम माझ्याकडे आले. निघताना माझ्या पर्समध्ये सोमवारची परतीची तीन तिकिटे होती.

भंडारा रोड स्थानकावर उतरून मी एस.टी. धरली. वैनगंगेचा पूल आला तेव्हा नदी तांबूस आणि रुंद वाहत होती. पुलापलीकडे दोन्ही बाजूंना बांध्या (बांध घालून पाणी अडवलेले भाताचे तुकडे) पसरल्या होत्या आणि त्यांत बायकांच्या रांगा वाकून रोपे लावत होत्या. या लावणीला तिकडे रोवणा म्हणतात. शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी विचारले, “रोवणा पाहाले आल्या का जी?”

“नाही. बहिणीला न्यायला आले आहे.”

“या टायमाले?” त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. “रोवण्यात मानूस गावातून हालत नाई जी.”

मी खिडकीबाहेर पाहू लागले. अनोळखी माणसाशी वाद घालणे मला कधीच जमले नाही.

एस्तेर थांब्यावर उभी होती. वाळली होती, पण हसणे तेच. पितळी गडव्यातून (तांब्यातून) माझ्या हातावर पाणी घालता घालताच ती म्हणाली, “ताई, तू काहून आलीस ते मले समजते.” त्या ‘मले’ने मी चपापले. आमच्या आईच्या घरातली ती शुद्ध बोली तिने केव्हा सोडली, ते मला कळलेच नव्हते.

जेवायला लाखोळीच्या डाळीचे वरण, भात आणि वांग्यात घातलेले सुके झिंगे होते. दिनकरराव डाव्या हाताने जेवत होते. घास सांडला की तेच आधी हसत. जेवण झाल्यावर एस्तेरने सरळ विषय काढला. “शनिवारपर्यंत बांधी रोवली गेली तर आम्ही इथंच. नाही तर सोमवारी तुझ्यासंगं येतो. बांधी पडीत ठेवून मले इथं राहवणार नाही.”

दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर मी रोपे मागत फिरले. पण त्या पावसाने साऱ्यांचेच पऱ्हे (भाताची रोपे) कमी केले होते. शेजारच्या कौसल्याबाईंनी स्पष्टच सांगितले, “आपला रोवणा झाल्याबिगर उरते का नाई, समजत नाई पास्टरीनबाई. आज कशी हो म्हनू?” त्यांच्या सांगण्यात लबाडी नव्हती. त्या शेतकरी घरातल्या. देवघरात विठोबा, आणि एस्तेरशी वीस-बावीस वर्षांचा शेजार.

शुक्रवारी दुपारपर्यंत कुठूनही निरोप आला नाही. मी एस्तेरचे कपडे पेटीत घालू लागले. ती मात्र चुलीपाशी गाणे म्हणत होती. मला थोडा रागच आला.

“तुला काळजी वाटत नाही का गं?”

“वाटते ना. काळजी बी चुलीपाशी बसते, गाणं बी बसते. घर लहान आहे, ताई. दोघांले इथंच राहा लागते.”

मी पेटीचे झाकण लावले, पण कडी घातली नाही.

त्याच संध्याकाळी मी तिला विचारले, की तुमच्या मंडळीचा कापणीचा सण केव्हा असतो. आपल्याकडे तो नोव्हेंबरात असतो आणि वेदीला बांधायचे ऊस आपण बाजारातून आणतो, हे वाचक जाणतातच. एस्तेर म्हणाली, “आम्ही रोवणा झाला की आभार मानतो.” ते या गावात नवे असताना एका वर्षी उभा धान सणाच्या आधीच पुराने नेला होता. सात घरांची मंडळी रिकाम्या हाताने उपासनेला आली. तेव्हा दिनकरराव म्हणाले, पुढच्या वर्षी आधीच आभार मानून टाकू. पीक नेता येते, मानलेले आभार कोणाला नेता येत नाहीत. तेव्हापासून तीच रीत पडली. रोवणा संपताच, हात न धुता, धुऱ्यावर (बांधावर) उभे राहून प्रार्थना करायची. अर्पण म्हणून तेच हात वर धरायचे.

शनिवारी उजाडताच दारात आवाज आला. “उठा जी पास्टरीनबाई. पाव्हनीले चहा मंग पाजजा.” कौसल्याबाई उभ्या होत्या. डोक्यावर टोपले, टोपल्यात पऱ्ह्यांच्या हिरव्या पेंड्या (जुड्या). मागे आणखी तीन घरच्या बाया, तशाच टोपल्या घेऊन. त्यांचा रोवणा आदल्या सायंकाळी आटोपला होता, आणि उरले ते समजले होते.

एस्तेर पेंड्या पाहून हसू लागली. “अवो, हे तर चार जातींचे धान. एकाच बांधीत?”

“चार कोपरे हायेत ना बांधीले,” कौसल्याबाई म्हणाल्या. “हलका (लवकर पिकणारा) तिकडं, भारी (उशिरा पिकणारा) इकडं. कापाले चारदा येजा. तुमाले तेवढंच काम.”

दिनकररावांना बंडीतून (बैलगाडीतून) नेऊन धुऱ्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसवले. मंडळीच्या बायाही येऊन रांगेत मिसळल्या. मी धुऱ्यावरून चालताना घसरले आणि गुडघ्यांपर्यंत बांधीत उतरले. साऱ्याजणी हसल्या. मी सावरून वर येते तोच एकीने माझ्या वाटेत पेंडी आडवी ठेवली.

“बोजारा द्या जी,” ती म्हणाली. बोजारा म्हणजे रोवणाऱ्या बायांनी मागायची खुशी. माझी पर्स घरी होती.

“मंग गाणं म्हना. मास्तरीन हाव ना तुमी?”

चारचौघांत गाण्याचा प्रसंग मी जन्मभर टाळला होता. शेवटी आमची आई पहाटे म्हणायची ते भजन सुरू केले. पहिली ओळ थरथरत आली. दुसरी ओळ एस्तेरने रांगेतूनच उचलली. तिसऱ्या ओळीला, ज्यांना शब्द येत नव्हते त्या बायांनी नुसता सूर धरला, आणि त्या सुरावर हात भराभर चालू लागले. पेंडी वाटेतून उचलली गेली. मग मलाही चार रोपे लावायला दिली. ती वाकडी लागली आणि कोणीतरी मागाहून सरळ केली.

ऊन उतरायच्या आत बांधी भरली. सगळ्याजणी धुऱ्यावर आल्या. हात धुण्यासाठी कोणी वाकले नाही.

“तुमी देवाले पयलेच धन्यवाद सांगून टाकता,” कौसल्याबाई एस्तेरला म्हणाल्या. “मंग तो काम कायले करन?”

“पाव्हण्याले पाणी आधी देता का जेवल्यावर?” एस्तेर म्हणाली.

“हे बी खरं हाय,” म्हणत त्याही रांगेत उभ्या राहिल्या.

सगळ्यांनी हात वर केले. दिनकररावांनी डावा हात वर केला, मग तो स्वच्छ तळवा पाहून खाली घेतला. कौसल्याबाईंच्या ते लक्षात आले. त्यांनी बांधीतला ओंजळभर चिखल घेतला आणि दिनकररावांच्या मांडीवर पडलेल्या निर्जीव उजव्या हाताला नीट लावला, बोटांच्या बेचक्यांत सुद्धा. “हाताले चिखल नाई त कायचे आभार जी, भाऊ?”

दिनकरराव हसले. मग डाव्या हाताने त्यांनी तो चिखलाचा हात मनगटाला धरून वर उचलला. शब्द एकेक करून आले. “प्रभू... रोवणा... झाला. आभार.” त्या चार शब्दांना बराच वेळ लागला. तोवर कोणाचाही हात खाली आला नाही. माझाही नाही.

आपल्या लोकांत गर्वाला दोष मानतात, आणि मीही मुलांना तेच शिकवले. तरीही लिहिते, की त्या क्षणी मला माझ्या बहिणीचा आणि तिच्या माणसाचा अतिशय अभिमान वाटला. आम्ही त्यांना सांभाळायला निघालो होतो. ते सांभाळलेले होते.

रविवारी एस्तेरने पेटी उघडून कपडे पुन्हा दोरीवर टाकले. सोमवारी गाडीत माझ्या शेजारचे दोन बर्थ रिकामे होते. तिकीट तपासनीस म्हणाले, “मॅडम, बाकीचे दोघे?”

“ते येणार नाहीत,” मी म्हणाले. “त्यांची बांधी रोवून झाली.” मी हे इतक्या मोठ्याने बोलले, की समोरच्या मंडळींनी माना वर केल्या. एरवी मी लाजले असते. माझ्या नखांत अजून चिखल होता. मुद्दामच राहू दिला होता.

आता नोव्हेंबरात आपण वेदीला ऊस बांधू. त्या आधी वाचकांना एवढेच विचारते: तुम्ही शेवटचे आभार मानलेत, तेव्हा तुमच्या हातात काय होते?