कोठी रिकामी आहे ना?

आवाज कुठून येतोय हे कोणालाही कळता कामा नये, एवढीच माझी इच्छा होती. ती तंतोतंत पूर्ण झाली. ऐन कार्यक्रमात मलासुद्धा कळेना.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुरतमधल्या उधन्याच्या एका रो-हाउसमध्ये आम्ही चौघं राहत होतो: आबा, माय, मी आणि माझी बायको वसुधा. मी बँकेत, वसुधा शाळेत शिक्षिका. आबा खान्देशातून सुरतेत आले ते थेट लिंबायतच्या लूम कारखान्यात शिरले, आणि निवृत्त होऊन बाहेर पडले तेव्हा कान आतच राहिले होते. टीव्ही लागला की आबा त्याच्या स्पीकरच्या जाळीला कान चिकटवून बसत. बातम्या, मालिका, क्रिकेट, सगळं आम्ही आबांच्या डोक्याच्या कडेकडेनं पाहिलं. (एका बाजूला फटकावलेला चेंडू आम्हाला कधीच दिसला नाही. तो टकलाआड जायचा.) कानाचं यंत्र आणलं होतं. ते घातल्याबरोबर आबा म्हणाले, "कानमा टिटवी बसेल शे," आणि टिटवी कपाटात गेली.

तरीही कोणाचं काही अडलं नसतं. पण माझ्या धाकट्या बहिणीचं, लताचं लग्न झालं आणि त्याची व्हिडिओ कॅसेट घरी आली.

आमच्यात हळदीला बाया गाणी म्हणतात आणि गाण्यात घरच्या एकेकाचं नाव गुंफतात. कोणाचं आधी घेतलं, कोणाचं नंतर, कोणाचं गाळलं, यावर पुढे वर्षभर पुरेल एवढं राजकारण चालतं. लताच्या हळदीला मुख्य गाणारी होती आबांची मोठी बहीण, अक्का. आणि अक्का रुसलेली होती, कारण तिनं आणलेलं स्थळ आम्ही नाकारलं होतं. तर प्रश्न असा, की तिनं गाण्यात आबांचं नाव घेतलं की नाही? मांडवात बसून आबांना एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. आम्ही सगळे छातीवर हात ठेवून सांगत होतो की घेतलं.

"तुम्ही मनं मन राखाकरता सांगतस," आबा म्हणायचे.

मग कॅसेट लावायची, आवाज पूर्ण वाढवायचा, जाळीला कान. आमचा टीव्ही तेवढ्या आवाजाला नुसता चरचरायचा. आबा उठून ओट्यावर जायचे. मला ते बघवत नसे. त्यातून आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आलेली. आखाजीला सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. अक्का म्हातारी झाली तरी दरवर्षी आबा तिला आणायला गावी जात. यंदा ते पिशवीच भरेनात.

"तिनी मनं नाव लिधं नही," ते म्हणाले, "तं मी कसाले जाऊ?"

म्हणजे एका स्पीकरवाचून बहीण-भावाचं माहेर अडलं होतं!

अशातच आम्ही हजीऱ्याला वसुधाच्या मामेभावाकडे जेवायला गेलो. तो तिथल्या एका कंपनीच्या कॉलनीत राहायचा. जेवण झाल्यावर त्यानं खिशातून रिमोट काढून दाबला आणि खोलीभर संगीत सुरू झालं. कुठून? काही पत्ता नाही. डबा नाही, वायर नाही, नुसत्या भिंती. मी पडद्यामागे पाहिलं, सोफ्याखाली वाकून पाहिलं. तो मंद हसत होता. परत येताना स्कूटरवर मी वसुधाला सगळी योजना ओरडून सांगितली. उधना येईपर्यंत आमचं घर माझ्या डोक्यात सिनेमा टॉकीज झालेलं होतं.

"आबांसाठी करताय ना, मग करा," घरी उतरल्यावर वसुधा म्हणाली. "पण ऐकून ठेवा. हॉलमध्ये एक वायर जरी दिसली, तरी मी ती कात्रीनं कापणार."

"दिसणारच नाही. तीच तर गंमत आहे."

"तुमच्या गमती मला माहीत आहेत."

मी कामाला लागलो. भिंतीतल्या कपाटात टीव्ही, त्याला दारं. खिडकीच्या वर सुताराकडून लाकडी पट्टी ठोकून घेतली, तिच्यामागे दोन छोटे स्पीकर, खाली पडदा. व्हीसीआर आणि अॅम्प्लिफायर खिडकीखालच्या दिवाणाच्या पोटात, गोधड्यांच्या शेजारी. (रिमोट लाकडाच्या आत पोचत नाही हे शास्त्र मला नंतर कळलं. त्यामुळे कॅसेट सुरू करायची तर दिवाणावर बसलेल्या पाहुण्यांना उठवायचं, झाकण वर करायचं, बटण दाबायचं आणि पाहुण्यांना परत बसवायचं. मामेभावाच्या खिशातला ऐटबाज रिमोट आठवून मला मधूनमधून उमाळे येत.)

राहिला मोठा स्पीकर. तोच खरा आबांसाठी घेतलेला, मुलाएवढा उंच, आवाजाला दणकट. तो कुठे लपवणार? हॉलच्या कोपऱ्यात मायची पत्र्याची धान्याची कोठी उभी होती. स्वयंपाकघरात ती मावत नसे, म्हणून वसुधानं तिच्यावर भरतकामाचा रुमाल टाकून फुलदाणी ठेवलेली. इतकी वर्षं ती तिथे नुसती उभी, आणि मला आजवर सुचलं कसं नाही!

"माय, कोठी रिकामी आहे ना?" मी विचारलं.

माय तांदूळ निवडत होती. तिनं मान वर करून माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं. "शे ना," ती म्हणाली. "होळीपासून रिकामीच शे."

एवढंच बोलणं झालं. स्पीकर कोठीच्या तळाशी बसवला आणि धान्य काढायला खाली जे तोंड असतं, त्यातून वायर ओवून भिंतीच्या कडेनं नेली. एकही वायर दिसत नव्हती. वसुधानं कात्री हातात घेऊन पाहणी केली आणि नाइलाजानं परत ठेवली.

आबा लिंबायतला जुन्या मित्रांकडे आणि माय बाजारात गेलेली असताना मी चाचणी घेतली. शेजारच्या जयेशभाईंना बोलावलं. त्यांचं जरीचं दुकान होतं आणि कुठल्याही नव्या वस्तूचा त्यांना माझ्याहून जास्त आनंद व्हायचा. मी बटण दाबलं. वा! ढोल असा घुमला की कपाटातल्या कपबशा किणकिणल्या. जयेशभाईंनी टीपॉयखाली पाहिलं, दाराबाहेर पाहिलं, छताकडे पाहिलं.

"अरे यार, आ अवाज क्यांथी आवे छे?"

याच वाक्यासाठी मी जगत होतो. मी मंद हसलो, अगदी मामेभावासारखा. तेवढ्यावर न थांबता रविवारी सगळ्या गल्लीला चहाचं आणि कॅसेटचं आमंत्रण देऊन टाकलं.

शनिवारी मी बँकेत आणि वसुधा शाळेत. दुपारी घरी आलो तर घरात एरंडेलाचा वास दरवळत होता. मायचे गुडघे दुखत असणार, असं मला वाटलं. मायला मी तब्येत विचारली, तर ती बरी म्हणाली. आणि का कोण जाणे, माझ्या केसांवरून हात फिरवून तिनं मला चहासोबत लाडू दिला. मी तो खाल्ला.

रविवारी हॉल भरला. दिवाणावर जयेशभाई, त्यांची बायको कोकिळाबेन आणि त्यांचे वडील, खाली सतरंजीवर बाकीची गल्ली. आबांना मी टीव्हीसमोर मानाच्या खुर्चीवर बसवलं आणि "आज ऐका!" असं कानात ओरडलो. त्यांनी मान हलवली. त्यांनी चक्क नवा सदरा घातला होता.

दिवाणावरच्या तिघांना उठवलं, बटण दाबलं, तिघांना बसवलं. पडद्यावर हळद सुरू झाली. बाया तोंडं हलवत होत्या. खिडकीवरच्या पट्टीतून डासासारखा बारीक आवाज येत होता. कोठी गप्प. मी पुन्हा तिघांना उठवलं, आवाज वाढवला, बसवलं. कोठी गप्पच. आबांनी खुर्ची टीव्हीजवळ सरकवली, कान जाळीकडे नेला, आणि माझ्या डोळ्यांसमोर पडद्यावर परत ते टक्कल आलं.

मी कोपऱ्यात धावलो. फुलदाणी उचलली, रुमाल काढला, झाकण उघडलं. आत काठोकाठ गहू.

"माय, हे काय?"

"गहू," माय म्हणाली.

"आत स्पीकर होता ना!"

"तळमा एक पेटी व्हती," माय शांतपणे म्हणाली. "मी म्हनं, ओल लागू नये म्हनीसन तूच ठेयेल व्हई. वर मी निंबना पाला बी टाका." मग सगळ्या गल्लीकडे वळून, माझ्याकडे बोट दाखवत तिनं अभिमानानं सांगितलं, "मना भाऊनी सोता इचारं, कोठी रिकामी शे ना. घरना गहूनी त्याले इतली काळजी!"

बायांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. कोकिळाबेन म्हणाली की गव्हाला दिवेल चोळायला तीच मदतीला आली होती. म्हणजे वर्षाचे सगळे गहू, एरंडेल चोळून, कडुनिंबाचा पाला घालून, माझ्या स्पीकरच्या डोक्यावर!

"आता काय करणार?" वसुधानं विचारलं.

"आवाज पूर्ण वाढवतो. गव्हातून बाहेर येईलच."

"अहो, नका."

मी तिघांना तिसऱ्यांदा उठवलं आणि आवाज शेवटपर्यंत फिरवला.

आधी खिडकीवरची पट्टी थरथरली. मग सुताराचे खिळे सुटले आणि पट्टी, पडदा, दोन्ही स्पीकर असा सगळा संच जयेशभाईंवर आला. पडद्याच्या आतून त्यांनी काहीतरी विचारलं. आवाज कुठून येतो हे त्यांना एकदाचं कळलेलं असावं. दोन्ही छोटे स्पीकर तिथेच संपले. आता उरली फक्त कोठी. ती गुरगुरायला लागली. फुलदाणी झाकणावरून चालत चालत कडेला आली आणि वसुधानं ती वरच्या वर झेलली. कोठीच्या खालच्या तोंडात माझ्या वायरीमुळे झाकण बसत नव्हतं, म्हणून मायनं चिंधी कोंबली होती. ढोलाच्या एका दणक्यासरशी चिंधी उडाली आणि गहू सुरू झाले. थांबेचनात! ढोल वाजेल तसतसे गहू उसळून बाहेर येत होते, आणि गल्लीतल्या बाया पदर, ताटं, टीपॉयवरचा पेपर, मिळेल ते घेऊन पुढे धावल्या.

"लताना बाप, हात लावा तठे!" माय आबांना खुणा करत ओरडली.

आबा उठले, नव्या सदऱ्यानिशी गव्हात बसले, तळहातानं कोठीचं तोंड दाबलं आणि तोल सावरायला गाल पत्र्याला टेकवला. मी दिवाणाचं झाकण उघडून बंद करायच्या बटणावर बोट ठेवलं.

"थांब," आबा म्हणाले.

मी थांबलो. आबांनी डोळे मिटले होते. कान पत्र्यावर घट्ट दाबलेला. त्यांनी दुसरा हात वर केला, तशी गहू गोळा करणारी गल्ली जागच्या जागी गप्प झाली. आम्हाला ऐकू येत होती ती नुसती पत्र्याची गुरगुर. आबांचे ओठ मात्र गाण्याबरोबर हलत होते.

"अक्का शे," ते हळूच म्हणाले. मग कान पत्र्यावर आणखी दाबला. आणि मग त्यांचा सगळा चेहरा उलगडला. "हिलालभाऊ म्हनी राह्यनी! मनं नाव लिधं तिनी. बठासना पहिले!"

सगळ्यांच्या आधी! मायनं पदर डोळ्याला लावला. मलाही रडू आलं, ते मी गव्हाच्या धुळीवर ढकललं. इतका आनंद मला मामेभावाच्या हॉलमध्येसुद्धा झाला नव्हता.

"परत लाव," आबा म्हणाले.

ते गाणं त्या दिवशी आम्ही इतक्यांदा मागे नेऊन लावलं, की दिवाणावरच्या तिघांनी शेवटी बसणंच सोडून दिलं. दुसऱ्याच दिवशी आबा पिशवी भरून अक्काला आणायला गेले.

वसुधानं पट्टी पुन्हा ठोकू दिली नाही. माझा दणकट स्पीकर गव्हातच राहिला, कारण तो काढायचा म्हणजे वर्षाचे गहू आधी संपवायला हवे होते. आखाजीला अक्का आली. तिला कोठीला कान लावायला सांगितलं. स्वतःचाच आवाज ऐकून ती आधी दचकली आणि मग म्हणाली, "मी तिसरा कडवामा चुकेल शे." तेव्हापासून कोठीच्या एका बाजूला आबा आणि दुसऱ्या बाजूला अक्का. दुपारी जयेशभाईंचे वडील येत, त्यांचे कानही आबांसारखेच. ते समोरची बाजू धरत. मागची बाजू भिंतीला.

माझे कान ठणठणीत आहेत. गहू संपून मायनं दुसऱ्या वर्षाचे भरले ("पेटी राहू देऊ ना रे, भाऊ?" तिनं आवर्जून विचारलं), तरी मी स्वतः आणलेल्या त्या सिस्टीमवर एक गाणं ऐकलेलं नाही. कोठीला नंबरच लागत नाही.